दाद

मांगरू दडमलच्या डाव्या कानाची पाळी
चिमटीत धरली तेव्हा ती थंड होती.
रक्त हटून पांढरी पडेपर्यंत दाबायची,
मग पात्यानं बारीकशी चीर,
आणि पातं आडवं करून
खरवडलेलं काचेवर पुसायचं.
एकोणीस वर्षांत एवढंच मी नीट शिकलो.

याच कानाची काच अकरा वर्षांपूर्वी
मी पाहिली होती
आणि कार्डावर लिहिलं होतं: उपचारमुक्त.
अक्षर माझंच.

आता भिंगाखाली निळ्यात लाल काड्या,
एकट्या नाहीत, जुडग्याजुडग्यानं,
फळीवर मोजायला मांडलेल्या
तेंदूच्या पुडक्यांसारख्या.

‘मास्तर, मी त गोऱ्या खाल्लो जी.’

चामडीचा एक तुकडा स्पिरिटच्या कुपीत घालून
मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला.
धान कापून झालं, चुरणं झालं,
झाडीपट्टीतले मंडप उठले,
तेव्हा एक पान आलं.
जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नाही.

मी वाचून दाखवलं.
मांगरू बराच वेळ बांधाकडे पाहत राहिला.
‘मंग थो कोनाले देते दाद?’

त्याला विचारायचा हक्क होता.
बावीस वर्षं त्यानं नाटकात घरगडी केला,
पाटलाच्या लाथा खाऊन उठताना
असा काही लंगडायचा
की सावरटोल्याच्या मागच्या रांगा
उभ्या राहून शिट्या मारायच्या.
पुढे पाय खरंच बधिर झाला.
लोक तरी शिट्या मारत होते.

मग त्यानं सांगितलं.
तपकिरी गोळीनं तोंड कारं पडत होतं,
पावडर बसत नव्हती,
मालक म्हणाला, यंदा दुसरा पाहू का.
तपकिरी गोळ्या चुलीत गेल्या.
पांढरीनं डोकं गरगरे, तीही कधी कधी.
राहिली महिन्याची लाल,
माझ्यासमोर घ्यायची,
ती त्यानं दर वेळी घेतली,
लाल लघवी बायकोला दाखवून हसलासुद्धा.
एकटी गोळी, बारा वेळा,
आणि आतला तो धीराचा प्राणी,
पंधरा दिवसांत एकदाच दुभंगणारा,
तिची चाल पाठ करत बसलेला.

माझंही सांगतो.
त्या वर्षी वैनगंगा फुगून रस्ता तुटला.
दोन महिने पाकिटं आली नाहीत.
तालुक्याला आढावा होता.
मी रजिस्टरातले दोन चौकोन
घरी, कंदिलाशी बसून,
टिक करून टाकले.
हे मांगरूला सांगितलं नाही.
सांगायला गेलो होतो,
त्यानं चहा ठेवला.

आता जिल्ह्याहून दुसरी औषधं येतील.
रोज येईन म्हणालो, रोज समोर देईन,
दोन वर्षं लागली तरी.
तो ‘हव’ म्हणाला, नवख्या मास्तरला म्हणावं तसं.

आणि खुशाली.
नातीन, नऊ वर्षांची,
जन्मापासून याच्याच कुशीत, याच्याच घोंगडीत,
नाटकातले संवाद याच्या तोंडून
अगदी नाकाशी नाक लावून पाठ केलेली.
गेल्या वर्षी घरातल्या सगळ्यांना
एकेक बचावाची मात्रा दिली होती.
हिला वजन करून. कडू लागली म्हणून वर गुळाचा खडा.
कोणतं औषध, ते वर आलंच.

खांद्यावर फिकट चट्टा,
रुपयाएवढा, कोरडा.
न्हाताना आईला दिसला.

‘डोळे मीट. जिथं लागेल तिथं बोट ठेव.’
मी पेनाचं टोक टेकवलं.
दंडावर, तिनं बरोबर दाखवलं.
मानेवर, बरोबर.
कोपराशी गुदगुल्या झाल्या, खिदळली.

मग खांद्यावर.

मांगरू माझ्या हाताकडे पाहत होता.
कुंपणापलीकडे कोणीतरी बैल हाकलत होतं.
पेनाचं टोक चट्ट्याच्या मध्यावर होतं,
मी थोडं दाबलंही.

खुशालीनं डोळे आणखी घट्ट मिटले,
बोट हवेत तयार धरलं,
‘लावा ना जी मास्तर,
लावा ना आता.’