भांगाचं पाणी

गुरुवारी डिझेलचा वास
नुसता डिझेलचा वास झाला.
अडीच महिने तो माझ्या घशात राहत होता
भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखा.
धोपाव्याच्या जेटीवर तिकिटं फाडताना
मी ओढणी नाकाला लावून सुट्टे मोजायचे
आणि फेरी वळली की खांबामागे जाऊन
खाडीला देऊन यायचे
सकाळचं जे काही असेल ते.

गुरुवारी काहीच आलं नाही.
भूक लागली.
साडेदहाला, दोन टेम्पो आणि एक वरात चढत असताना
मला भाजलेला सुका बोंबील हवा झाला,
चुलीतला, कडेनं करपलेला.
बोंबील नव्हता.
डब्यातली चारही घावणं कोरडीच, उभ्यानं संपवली.
नवरदेवाच्या मामानं दोनदा विचारलं, ताई, तिकीट?

मग भीती वाटली.

ओकारी होती तोवर निदान कुणीतरी होतं.
आता आत इतकं शांत
की दार वाजवून बघावं.
मागच्या खेपेलाही वास असेच एका दिवसात सुधारले होते,
अकराव्या आठवड्यात,
आणि मी खूश होऊन सुरमई आणली होती.
ती सुरमई तशीच राहिली.
शेजारच्यांनी नेली बहुतेक.

पलीकडून मुबीना येते, आमची आशाताई,
वजनकाटा पिशवीत, छत्री काखेत.
"चौदावा लागला. आता सांगितलंस तरी चालेल."
कुणाला सांगू?
गावानं परकराच्या नाडीवरून केव्हाच ओळखलंय.
रोहिदासला तर शब्द लागतच नाहीत.
दिवसभर इंजिनं खोलतो, जोडतो,
आणि संध्याकाळी मला मागे बसवून
प्रत्येक गतिरोधकावर दोन्ही पाय टेकून गाडी उतरवतो,
अंडी नेत असल्यासारखी.
मागून एसटी हॉर्न मारत राहते.

चिपळूणला पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी कणा दाखवला.
मला मुडदुशाचा काटा दिसला,
ताटाच्या कडेला काढून ठेवतो तसा,
पांढरा, बारीक, एकही दात न तुटलेला.
रोहिदासला काहीच दिसलं नाही.
तरी तो हो हो म्हणाला.
येताना बाजारात मुडदुशा होत्या, ताज्या, स्वस्त.
घेतल्या नाहीत.
दोघांपैकी कुणीच कारण काढलं नाही.

आज अष्टमी. भांग.
खाडी धड भरत नाही, धड ओसरत नाही.
खुंटांवरची ओली रेघ सकाळी होती तिथंच संध्याकाळी.
फेरीची फळी धक्क्यावर सपाट बसते,
गाड्या न घसरता चढतात, खलाशी खूश.
जाळीवाले मात्र बसून विडी ओढतात.
पाणी मेलंय, म्हणतात.
सासूबाई पायरीवर तिसऱ्या फोडत होत्या,
मान वर न करता म्हणाल्या,
"मेलंय कसलं? खालून चालतंय.
नाहीतर पुनवेला उधाण काय आकाशातनं पडतं?"

शेवटच्या खेपेला वहीत भरलं:
माणसं एकेचाळीस, दुचाकी नऊ, शेळी एक.
वरती पाटी आहे माझ्याच हातची,
तीन वर्षांखालील मुलांस तिकीट नाही.
पेन जरा थांबलं.
एकेचाळीसच ठेवलं.
अजून नको.

रात्री भांडी विसळताना
बेंबीच्या खाली, डावीकडे,
उथळ पाण्यात बोयटाचं पिल्लू पाठ फिरवतं
तेवढंच.
मी नळ बंद केला.
"काय गं?"
सांगितलं.
सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"दुपारी वाल किती खाल्लेस?
गॅस असणार."
आणि उठून
टीव्हीचा आवाज बंद केला.