श्रेयांक

साखळीच्या कॉलेजात, कार्यालयाच्या खिडकीपाशी
तांबोसकर सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"वर्गात बसायला नको, बाई.
येत असेल तर थेट परीक्षा द्या.
साठ प्रश्न, नव्वद मिनिटं, गोळे काळे करायचे.
चार श्रेयांक तुमचे."
येत असेल तर.
एवढंच घेऊन बसमध्ये चढले
आणि उतरायचा थांबा मागे गेला.

येतं म्हणजे काय येतं?
सतरा वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधली वजाबाकी.
दर दहाव्या ट्रकातून ओंजळभर माती
(माती म्हणायचं नाही, खनिज म्हणायचं, साहेब चिडायचे)
पिशवीत भरून, दोरा बांधून, लॅबला.
दहावाच का, ते कोणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नाही.

तो दहावा ट्रक पान एकशे बारावर उभा होता.
पद्धतशीर नमुना निवड.
बोट ठेवून बराच वेळ बसले त्या ओळीवर.
लग्नघरी हरवलेली आपली वाटी
शेजारणीच्या फळीवर दिसावी,
हातात घेऊन उलटी करावी,
तर तळाला नाव भलत्याचंच कोरलेलं.

खाण बंद. आता सोसायटीत काजू तोलते.
लोक न वाळवलेली बी आणतात.
मूठ कानाशी हलवली की कळतं, किती ओली ते.
दोन गिऱ्हाइकांच्या मधे, पावतीपुस्तकाच्या पाठीवर
मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन.
विचलन पाठ होईना, मग बाबुसो गांवकर घेतला:
सरासरी चाळीस किलो,
पण एका दिवशी तीन, एका दिवशी नव्वद,
आणि हुर्राक घेतलेला दोन्ही दिवशी.
आता विसरत नाही.

घरी नवरा आदोळीवर पेन्सिली तासतो.
टोकयंत्र आणलंय, तरी.
बोलत काही नाही, सहा पेन्सिली ओळीनं मांडून ठेवतो,
सगळ्या भाल्यासारख्या.

एकदा काट्याखाली खडी अडकली होती.
दर ट्रकामागे दोनशे किलो खोटे पडत होते.
मी पकडलं, तिसऱ्या दिवशी, नुसत्या आकड्यांवरून.
अहवाल गेला मॅनेजरच्या सहीनं,
पेढेही त्यांनीच वाटले. मी एक खाल्ला.
श्रेय असतं हे माहीत होतं.
त्याला अंक असतात, ते मोजून मिळतात,
रांगेत उभं राहून, अर्ज भरून, फी भरून मिळतात,
हे आत्ता, सेहेचाळिसाव्या वर्षी.

ल्युसिंडा येते तिन्हीसांजेला, वरच्या वाड्यावरची, बारावीतली.
मोबाईलवर नव्वद मिनिटं लावते,
तोवर माझ्याच फणसाचे गरे खाते.
"एक्केचाळीस, आंटी. छत्तीसला पास.
पण बावीस कसा चुकला? सोपा होता."

बावीस: उन्हाळ्यात शंभर ट्रकांची सरासरी नऊ टन,
पावसाळ्यात शंभर ट्रकांची दहा.
यावरून काय सिद्ध होते?
"अगो, काही सिद्ध होत नाही. माल भिजलाय.
तो एक टन म्हणजे पाणी.
आम्ही ओलावा कापून घ्यायचो, लॅबचा आकडा आल्यावर."
ती गऱ्याची बी ताटलीत ठेवते,
उत्तरसूची उलटून पाहते, पुन्हा सुलटी करते.
"पाणी असा पर्यायच नाही, आंटी.
अ, ब, क, ड. त्यांतलंच सांगायचं."
क आहे: माहिती अपुरी.

अपुरी! माझ्याकडे होती की माहिती.
सतरा जून, सतरा जुलै,
ताडपत्रीतून गळणारा लाल ओघळ,
पावतीवर उमटलेलं माझं ओलं बोट.

ती गेल्यावर बावीस पुन्हा सोडवला.
क काळा केला, नीट, कडेबाहेर न जाता,
यंत्राला आवडतो तसा.
आणि समासात, जिथे यंत्र बघत नाही,
भाल्याच्या टोकानं, बारीक अक्षरात:
पाणी.