चौथी नदी

भाचा विचारतो, मावशी, चारातला चांगला कोणता?
मी म्हणते, थांब, आधी भात उतरवू दे.
असलं काही उभ्याउभ्या सांगता येत नाही.

पहिला आला तेव्हा त्याला नावच नव्हतं.
डबीवरचा कागद अर्धा फाटलेला,
उरलेल्या अर्ध्यावर कुठल्याशा देशाची अक्षरं,
चिखलात पाखरं चालून गेल्यासारखी.
आम्ही म्हणायचो, कंदील.
लाखांदूरच्या रस्त्याला, मामाच्या चक्कीमागे,
दोन रुपयांत अर्धा तास.
चक्की सुरू झाली की व्होल्टेज बसायचं
आणि कंदीलवाला मोहाची प्यायल्यासारखा डुलायचा.

दोन बटणं. एक उडीचं.
दुसरं कंदील विझवायचं, ते कोणी दाबत नसे.
माणूस फक्त उजवीकडे जायचा;
मागचं गाव पडद्याबरोबर पुसलं जायचं.
का चाललाय, कुणाकडे,
खेळ एक अक्षर बोलत नव्हता.

बोलायचा हिवराज.
माझ्या पाठीमागे, पिठाच्या पोत्यावर बसून,
झाडीपट्टीच्या नाटकात विंगेतून बोलतात तसा, हळू, घाईघाईत:
‘हा कंपनीचा प्रॉम्प्टर होय.
कंपनी रातोरात पुढच्या गावाले गेली,
शेवटचं पान याच्याच खिशात रायलं.
तिकडं नायक तलवार उपसून उभा हाय,
मराचं का जगाचं, त्याले मालूम नाई. पळ!’
मी पळायची.
तीन नद्या ओलांडायची, चौथीत बुडायची.
सगळी शाळा चौथीत बुडायची.

दुसऱ्यात मागे फिरता यायचं. तेवढंच त्याचं सुख.
उडी मात्र भिजल्या पोत्यासारखी जड,
आज दाबलं तर गडी उडणार शनिवारी.
चौकटीत इंग्रजी यायचं. हिवराज ते वाचायचा,
म्हणजे वाचत असल्यासारखा पाहायचा
आणि नाटक कंपनीला अजून एक गाव पुढे हाकायचा.

तिसरा मी पवनीला कॅफेत खेळले.
खेळले कसली, पाहिला.
चाळीस मिनिटं राजा बोलतो,
आपले हात मांडीवर, लग्नाच्या फोटोतल्यासारखे.
तिथे कळलं की तो प्रॉम्प्टर नाही,
बाप आहे. मुलगी हरवलीय त्याची.
ती सापडते तेव्हा एक बटण दाबून धरायचं,
बस, धरून राहायचं. सोडलं की तिचा हात सुटतो.
कॅफेवाल्यानं दिवे मालवले, शटर अर्धं ओढलं,
मी सोडलं नाही.
म्हणून तिसऱ्याला मी नावं ठेवत नाही.

चौथ्यात कुठेही जा.
डोंगर चढ, मासे धर, घोड्याला खरारा कर.
तीन आठवडे मी मासेच धरले.
मुलगी कुठे होती देव जाणे.
मंडईला हिवराज आला तेव्हा त्याला दाखवला.
वडशाच्या एका कंपनीत आता दिवे सांभाळतो तो.
दाढीचा केस न् केस मोजता येईल असं ते तोंड
बराच वेळ बघून म्हणाला,
‘याले चेहरा कायले देला?’

भाचा ऐकत होता की नाही, माहीत नाही.
मोबाईलवर त्यानं पहिला भाग उतरवून घेतला होता.
भाताची वाफ जिरेपर्यंत तीन नद्या पार.
चौथीपाशी थांबला, जरा डोकं खाजवलं
आणि दुसरं बटण दाबलं.

कंदील विझला.
काळ्या पाण्यावर दगड दिसू लागले,
एक, दोन, सात, थेट पलीकडच्या काठापर्यंत.
‘सोपं आहे की, मावशी. तुम्ही विझवला का नाही?’

विझवणार कसा?
विझला तर पान वाचता येणार नाही,
हिवराजनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

रात्री त्याला फोन लावला.
मागे तालीम, कुणीतरी तेच ते वाक्य घोकत होतं.
म्हटलं, दगड होते रे. इतकी वर्षं तिथेच होते.
फक्त विझवायचा होता.

तो गप्प. तालमीतला माणूस पुन्हा चुकला.
मग म्हणाला,
‘पार गेला, ठीक हाय.
पण ते पान? अंधारात कसं वाचलं त्यानं?’