पिंपांच्या वहीतली संख्या

त्या साली हेरिंग मासा आलाच नाही.
सिग्लुफ्योर्दुरच्या धक्क्यावर मिठाची पोती ओल धरून बसली
आणि कचेरीत स्टेनव्होर हाल्ग्रिम्सदोत्तिरपुढे
पिंपांच्या हिशोबाची कोरी वही.
रकाने आखलेले. भरायला काही नाही.

मी तिचा उमेदवार. पेन्सिलींना टोक काढायचो, शेगडीत कोळसा घालायचो.

म्हणाली, एकाची दुप्पट करत जा, एकोणतीस वेळा,
मग त्यातून एक काढून घे.
दोनदा मी हातचा विसरलो. तिसऱ्यांदा आलं:
त्रेपन्न कोटी अडुसष्ट लाख सत्तर हजार नऊशे अकरा.

मूळ की संयुक्त?
तीन, पाच, सात यांनी असंच करून शब्द पाळला होता.
अकरानं दगा दिला.
तेरा, सतरा, एकोणीस नेकीनं वागले,
तेविसानं पुन्हा मान खाली घालायला लावली.
रेक्याविकच्या ग्रंथालयात उत्तर असणार, तिला ठाऊक होतं.
पत्र टाकलं नाही.

नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला.
तीनानं भागलं, बाकी एक. पाचानं, एक.
सातानं, तीन. अकरानं पाच,
तेरानंही पाच.
बाक्या ती लिहायची
‘परत आलेली पिंपं’ या रकान्यात.

दोनापासून मोजून पन्नास मूळ संख्या हात हलवत परतल्या.
एकावन्नावी, दोनशे तेहतीस:
बाकी शून्य.
ती ओरडली नाही. खोडरबर शोधू लागली.
आपलंच चुकलं म्हणून सगळं पुन्हा केलं.

उरलेला भागाकार फोडता फोडता मार्च उजाडला:
अकराशे तीन,
दोन हजार एकोणनव्वद.

मग थोरलाकुर मास्तर आले, बूट न झटकता, बिल्ले घेऊन.
विषम. संयुक्त.
वर्गमुक्त, कारण कुठलाच अवयव दोनदा नाही.
न्यून: स्वतःला वगळून साऱ्या विभाजकांची बेरीज
जेमतेम तीस लाख एक्कावन्न हजार तीनशे एकोणतीस.
शिवाय सुखी नाही, म्हणाले.
अंकांचे वर्ग करून बेरीज, पुन्हा वर्ग, पुन्हा बेरीज,
शेवटी एकावर पोचायला हवं;
ही एकोणनव्वदात शिरते
आणि घाण्याच्या बैलासारखी तिथेच फिरते.

स्टेनव्होर कॉफी ओतत होती.
“मासळीवरही असेच शिक्के मारायचो आम्ही.
पहिली प्रत, दुसरी प्रत, भुकटीसाठी.
न्यून म्हणे! कुणाच्या मानानं?”

तिच्या देशात आडनाव नसतं, बापाचं नाव सांगतात.
तिनं संख्येखाली लिहिलं: दोनशे तेहतीसदोत्तिर.
मग मला म्हणाली, तिन्ही अवयवांना एकोणतिसानं भाग.
भागलं. तिघांकडेही एकच उरला.
“बघ,” म्हणाली, “नाक घराण्याचंच आहे.”

मे महिन्यात वही अकुरेरीच्या मुख्य कचेरीत गेली.
मासा त्याही साली आला नाही.
आलं ते तपासनिसाचं पत्र, टंकलेलं, तांबड्या शाईनं अधोरेखित:
त्रेपन्न कोटी पिंपं
नेमकी कोणत्या गोदामात ठेवली आहेत,
उलट टपाली कळवावे.