ई, एस, टी

नदाफ मॅडमनी गृहपाठ दिलाय :
ज्यांच्या पोटात ई, एस आणि टी आहेत
असे दहा इंग्रजी शब्द शोधा.
क्रम कसाही चालेल. मोबाईल चालणार नाही.

आबा खाटेवर उठून बसले.
"एस आन् टी? मग आण हिकडं.
बत्तीस वर्षं खाकी घातलीया त्या दोघांची.
ही ई कुठनं चढली मधीच?"

फुलेवाडीच्या तिसऱ्या स्टॉपजवळ आमच्या दोन खोल्या.
गगनबावड्याची गाडी गिअर बदलते
तेव्हा फळीवरचे डबे आपसांत काहीतरी बोलतात.
शर्वाणी वहीत रकाने आखते.
मी भाकरी थापता थापता ऐकते.

"सीट," आबा म्हणाले. "लिव्ह."
एस, ई, ए, टी. बसली.
"टेस्ट," ती म्हणाली. "स्टील."
"स्टेरिंग."
"आबा, स्टीअरिंग."
"बाबू शिकलगार जल्मभर स्टेरिंगच म्हणला,
गाडी बरोबर वळायची."

"इन्स्पेक्टर" लगेच सापडला.
कळ्याच्या नाक्यावर हात करून चढायचा,
भर गाडीत पेटी उपडी करून चिल्लर मोजायचा.
एकदा चार आणे कमी भरले होते.
सकाळची गोळी घेतली की नाही, आबांना आठवत नाही.
ते चार आणे आठवतात.

"मिस्टेक," शर्वाणीने लिहिलं. मग "रेस्ट".
सात.

"रिटायर?"
तिने बोटं मोडली. टी आहे, ई आहे, एस नाही.
"मग पेन्शन."
एस आहे, ई आहे, टी नाही.
"बगा," आबा मला म्हणाले,
"दोघं एकदम कवाच मिळाय न्हाईत."
थोड्या वेळाने, हळू : "सस्पेंड?"
टी नाही.
हा शब्द कुठून आला ते मी विचारलं नाही.
भाकरी उलटली. एका बाजूला करपली होती.

"शिट्टीला काय म्हणत्यात?"
"व्हिसल." तिने एकेक अक्षर मांडलं,
डब्ल्यू, एच, आय, एस, टी, एल, ई.
"आहेत की तिन्ही! पण टी सायलेंट, आबा.
लिहायचा. बोलायचा नाही."
"बिनतिकिटाचा," ते म्हणाले,
आणि ती खोखो हसली,
आणि आबा हसलेच नाहीत.

"करूळ घाटात धुकं हुतं.
पुढं दरड. गाडी माघारी घ्यायची.
मी खाली, शिट्टी तोंडात, मागचं चाक बघत.
कडा आला.
फुंकली, तर वाजंना.
तोंड कोरडं पडल्यालं माझं.
आत बेचाळीस माणसं, एक बाळंतीण."
"मग?"
"बाबूनं बिरेक मारला."
"त्यांना कसं कळलं?"
"शिट्टी वाजायची थांबली, म्हणून थांबलो, म्हणला.
वाजल्यालं कुणीबी ऐकतंय."

शर्वाणीने पेन्सिल तोंडातून काढली.
"लिसन," ती म्हणाली. "त्यातपण टी बोलत नाही."
नववा.

दहावा येईना.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, वाजल्या चांगल्या.
आबा म्हणाले, "येस्टी लिव्ह."
"तो शब्द नाही, आबा. ती नुसती दोन अक्षरं."
"व्हय? मग असळजच्या म्हातारीला इचार,
येस्टी आली का म्हणती का दोन अक्षरं आली म्हणती.
तिच्या तोंडात ई हाय. मी ऐकलीया.
लिव्ह, वाय, ई, एस, टी, आय.
तुझी मॅडमबी कळ्याचीच हाय, तिला उमगंल."

वहीत खाली "पालकाची सही".
मी हात धुऊन येईपर्यंत
आबांनी ट्रंकेतला पंच काढला होता.
गंजलाय, पण दात शाबूत.
टिक्.
पानाच्या कोपऱ्याला गोल भोक,
त्यातून मागच्या पानावरचा भूगोल दिसतो.

वही सोमवारी परत आली.
नऊ शब्दांवर लाल खुणा.
दहाव्याखाली मॅडमनी पेन्सिलीने लिहिलंय :
किती वाजताची?