पाव फेरा

वडाळ्याच्या त्या टॉवरचा नैऋत्य कोपरा
मी गोंडोल्यातून चढत गेलो,
पत्र्यामागून पत्रा, सत्तावीस मजले.
खाली शिवडीकडची गोदामं, गंजक्या छपरांची,
कुणी ट्रंका पालथ्या टाकून निघून गेल्यासारखी.

सपाट भिंतीवर वारा ढकलतो.
तिथं पत्रा नुसता टेकवून ठेवायचा, बस.
कोपऱ्यावर मात्र तो वळतो
आणि वळता वळता ओढतो,
बाहेर,
हाताला धरून मूल जत्रेकडे ओढतं तसा.

करंबेळकर मॅडमनी नकाशात
कोपऱ्याभोवती लाल पेन्सिल फिरवली होती:
इथं स्क्रू दुप्पट. अर्ध्या वितीवर एक.
गालाशेठ म्हणाले, "पाष्टे, खालून कोण मोजतंय?"
मी म्हटलं, वारा मोजतो.
(म्हटलं नाही. हे आत्ता सुचलं.
तेव्हा नुसती मान हलवली,
दोन्ही अर्थ निघतील अशी.)

बाबा कुर्ल्याला ट्रंका बनवायचे.
म्हणायचे, ट्रंक मधोमध कधी फुटत नाही,
कोपऱ्यावर पडते, कोपऱ्यातच उघडते.
म्हणून आठ कोपऱ्यांना आठ टोप्या,
टोपीला तीन रिबिटा,
ठोकून झालं की बोटाच्या पेरानं टकटक.
घट्ट पत्रा थोडक्यात उत्तर देतो,
सैल पत्रा बोलत राहतो.
लग्नाच्या ट्रंकेवर शेवटी कमळ काढायचे.
कमळ त्यांना जन्मात जमलं नाही,
कोबी दिसायचा.
गिऱ्हाईक तरी परत यायचं.

इथं कोपऱ्यावर आम्ही पत्रा तोडत नाही.
मागून खाच मारतो,
पुढची कातडी तेवढी शाबूत ठेवतो
आणि दुमडतो.
दोन पत्रे धारेवर भेटवले तर फट राहते,
फटीत वाऱ्याची नखं जातात.

इसरार, मालद्याचा, एकोणीस वर्षांचा,
विचारतो, एकच भोक गोल, बाकी लांबट का?
गोल भोक पत्र्याला जागेवर धरतं.
लांबट भोकात त्याला सरकता येतं.
दुपारी तीनला हा पत्रा वाढतो,
नखाच्या जाडीएवढा,
पहाटे परत अंग चोरतो.
म्हणून लांबट भोकात स्क्रू पूर्ण आवळायचा,
मग पाव फेरा मागे.
"मागे? मग घट्ट कसा?"
आधी आवळायला शिक, मी म्हणतो.
मग बोलू.

त्या रात्री शर्ट धुवायला काढताना
खिशातून एक स्क्रू पडला.
कोपऱ्याच्या पत्र्याला बावीस लागतात.
मी बावीसच मोजून घेतले होते.
सुलभा म्हणाली, "एकच तर आहे."
हो, एकच.
उशाशी ठेवला. मग उठून डब्यात ठेवला.
मग डब्यातून काढून पुन्हा उशाशी.
बाहेर कुणाची तरी ताडपत्री फडफडत होती.

सकाळी वॉचमन म्हणाला,
"काल रात्रभर वर कोणी शीळ घालत होतं."
मी काही बोललो नाही.
पट्टा अडकवला, गोंडोला वर घेतला,
पेरानं टकटक करत, वरून खाली.
अकरावं उत्तर लांबलं.
तिथंच, दुमडीच्या आत, एक रिकामं भोक,
आणि त्यातून बारीक आवाज,
दात पडलेल्या पोरानं फुंकर मारावी तसा.

बोट ठेवलं. थांबला.
काढलं. सुरू.
पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं,
बावन्न वर्षांचा माणूस, सत्तावीस मजल्यांवर,
खाली शिफ्टचा भोंगा वाजेपर्यंत.

मग स्क्रू लावला.
पूर्ण आवळला.
पाव फेरा मागे घेतला.
या बाजूला ऊन यायला
अजून सहा तास होते.