वाढीव पट्टी

माझ्याकडची फूटपट्टी खोटी आहे.
शंभरावर एक जास्त.
उद्यमनगरात शिकाऊ म्हणून लागलो त्या दिवशी
वसंत मिस्त्रींनी ती हातात दिली आणि म्हणाले,
बीड ओतताना फुललेलं असतं, निवताना आकसतं.
जेवढं आकसणार तेवढं लाकडाला आधीच देऊन ठेवायचं.
एवढाच आपला धंदा.

एकोणतीस वर्षं मी सागवानात इंजिनं कोरली.
सिलिंडर हेड, फ्लायव्हील, पाण्याच्या वाटेचे पोकळ कोअर.
पंचगंगेच्या काठानं डुगडुगणारं कितीतरी डिझेल
आधी माझ्या टेबलावर मुकं पडलेलं होतं.

मग मालकांनी गिऱ्हाइकाचं पत्र वाचून दाखवलं.
'शाश्वत' तीनदा, 'वाढ' सात वेळा.
मी मोजत होतो, सवयीनं.
पिस्टन एकदाही नाही.
त्यांच्या नव्या गाडीत पिस्टनच नाही.

कुपोलाची शेवटची हीट दिलावरभाईंनी काढली.
निळ्या काचेतून, एका डोळ्यानं
ज्वाळेचा रंग बघून ते सांगायचे, थांब,
किंवा सांगायचे, ओत.
नव्या भट्टीला डोळा लागत नाही.
लाल आकडे उमटतात : चौदाशे ऐंशी.
आकडा बरोबर असतो.
तेच तर.

विजेची भट्टी नुसती गुणगुणते.
शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
मी म्हणालो, धूर गेला, भाई.
'गेला कुठला? बदली झालीया त्याची.
तिकडं विदर्भात कोळसा जळत असंल
तवा हिकडं आकडा उमटतोय.'

पुढच्या उन्हाळ्यात पत्र्यावर पॅनेल बसली.
पाचातला एक हिस्सा सूर्याचा, मालक म्हणतात,
बाकीचा हळूहळू.
पॅनेल पुसायचं काम भाईंना मिळालं.
पगार आकसला.
त्यासाठी कुणी आधी काही देऊन ठेवलं नव्हतं.

गळीत हंगामात साखर कारखान्यांची काजळी
उडत येते, काळ्या पाकळ्यांसारखी,
दोरीवरच्या सदऱ्यांवर, पॅनेलवर,
भाईंच्या पांढऱ्या भुवयांवर.
तीही हरित वीजच म्हणे, चिपाडाची.
भाई फडकं पिळतात. बादली काळी होते.
दुपारी कधी खिशातून निळी काच काढून
थेट सूर्याकडं बघतात.
डोळा जाईल, मी खालून ओरडतो.
'धातू तयार हाय,' वरून उत्तर येतं,
'पळी पोचंना निस्ती.'

मध्ये पुण्याहून एकजण आला होता.
कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर टांगायला
जुने पॅटर्न हवे होते त्याला.
फ्लायव्हीलला बाराशे दिले,
हेड उलटं धरून फोटो काढला.
मी सुलटं करून दिलं.
त्याला फरक दिसला नाही, मलाही
रागावता आलं नाही.

आता मोटारीचं घर करायचंय, ॲल्युमिनियमचं.
कसबा बावड्याची रेणुका डकरे, वय तेवीस,
ते पडद्यावर फिरवते, जसं उसाचं कांडं
सोलायच्या आधी फिरवून बघावं.
काका, आकस किती धरू?
उत्तर तिच्या मशीनमध्ये आहे, तरी विचारते.
तिचं हे विचारणं मला आवडतं, हे मी सांगत नाही.

ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त आकसतं.
म्हणजे पट्टी आणखी खोटी करायची.
शंभरावर एक पूर्णांक तीन, मी म्हणतो.

तेवढ्यात वर पत्र्यावर
बादली सरकल्याचा आवाज होतो.
थांब, मी म्हणतो,
थोडं जास्तच धर.
जास्त झालं तर घासून काढता येतं, पोरी.
कमी पडलं तर
निवलेल्याला जोडता येत नाही.